हातातली कला आणि डोक्यातला हिशोब : छोट्या हस्तव्यवसायासाठी लागणारी मनोवृत्ती



शाळेत आपण नफा-तोटा शिकवतो. खरेदी किंमत, विक्री किंमत, वजाबाकी, झालं उदाहरण. पण आपल्या नळदुर्गसारख्या गावात वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी खरोखरचा व्यवसाय चालतो. कुणाची आई गोधड्या शिवते, कुणाचे वडील माठ-पणत्या करतात, कुणाची आजी टोपल्या विणते, तर तांड्यावरच्या एखाद्या मुलीच्या घरी आरशांचं भरतकाम होतं. या घरांत कलेची कमतरता नसते. कमी पडते ती व्यवसायाकडे बघण्याची दृष्टी, आणि ती शिकता येते. म्हणून हा लेख.

१) आपल्या वेळेला किंमत आहे

ही सगळ्यात पहिली आणि सगळ्यात अवघड गोष्ट. एक उदाहरण करून बघू. समजा, एका ताईंनी गोधडी शिवली, म्हणजे आपल्याकडची वाकळ. कापड, दोरा, अस्तर मिळून २५० रुपये लागले. रोज चार तासांप्रमाणे दहा दिवस टाके घातले, म्हणजे ४० तास. गोधडी विकली ६०० रुपयांना. ताई म्हणतात, "साडेतीनशे सुटले की!"

आता मुलांना भागाकार करायला सांगा. ३५० भागिले ४० म्हणजे तासाला ८ रुपये ७५ पैसे. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तास धरले तर तासाला ३९ रुपये. याच दराने ताईंची मजुरी १५६० रुपये होते आणि गोधडीची किंमत १८१० रुपये!

म्हणजे जे "सुटले" म्हणून आपण खूश होतो, तो नफा नसतोच. ती कमी पडलेली मजुरी असते. "घरी रिकामं बसण्यापेक्षा बरं" हे वाक्य ऐकायला साधं वाटतं, पण बाईच्या श्रमाची किंमत शून्यावर आणणारं तेच वाक्य आहे.

लिज्जत पापडची गोष्ट आपण मुलांना सांगतोच. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पण त्या गोष्टीतला एक भाग आपण सोडून देतो. तिथे बहिणी पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात आणि लाटण्याची मजुरी त्यांना मिळते. नफ्याचा हिशोब नंतरचा. मजुरी आधी धरली गेली, हे मुलांना मुद्दाम दाखवावं असं आहे.

२) "एवढं कोण देणार?" हा प्रश्न नीट विचारावा

आठवडी बाजारात गोधडीला १८१० रुपये कुणी देणार नाही, हे खरंच आहे. इथे दोन चुका होतात. एक तर लोक भाव पाडतात, नाहीतर गिऱ्हाइकाला नावं ठेवून काम बंद करतात. त्याऐवजी प्रश्न बदलून बघा: या किमतीला घेणारा माणूस कुठे आहे? आणि बाजारातल्या माणसाला परवडेल असं मी काय करू शकते?

मोठी गोधडी फक्त ऑर्डर आली तरच शिवायची. बाजारासाठी बाळाची छोटी गोधडी करायची. समजा, ८० रुपयांचं सामान आणि १० तास लागले. ३९ च्या दराने किंमत ४७० रुपये. बारशाला भेट म्हणून इतके पैसे देणारी माणसं आपल्याच गावात सापडतात. पावसाळ्यात किल्ल्यावर नर-मादी धबधबा बघायला किती गर्दी होते, तुळजापूरला वर्षभर किती भाविक येतात! ही माणसं पिशवीत मावेल अशी वस्तू घेतात, दहा किलोचा माठ नाही.

३) हंगाम ओळखावा, डबे दोन ठेवावेत

कुंभाराच्या घरी संक्रांतीला सुगडी, दिवाळीला पणत्या, उन्हाळ्यात माठ. मधले महिने कोरडे. हाती आलेला पैसा सगळा घरखर्चात गेला तर पुढच्या मातीला आणि सरपणाला कर्ज काढावं लागतं. म्हणून घराचा डबा वेगळा, धंद्याचा डबा वेगळा. आपली मजुरी धंद्याच्या डब्यातून मोजून घ्यायची, बाकीला हात लावायचा नाही.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात कुंभार, चर्मकार, शिंपी, टोपली-चटई विणणारे असे १८ व्यवसाय आहेत. पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं आणि १८ महिन्यांत फेडायचं असतं. सोय चांगली आहे, पण हप्ता दर महिन्याला येतो, संक्रांत वर्षातून एकदाच. वही नसेल तर हे गणित जमत नाही.

उधारीचंही तसंच. "उधारीचे पोते सव्वा हात रिते" असं जुनी माणसं उगीच म्हणत नव्हती. ओळखीच्या माणसाला नाही म्हणता येणं हेही कौशल्यच आहे.

४) नाव जपावं

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आपला शेजारचा सोलापूरही आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशाच चपला मिलानच्या कार्यक्रमात दाखवल्या, त्या कोल्हापुरीचं नाव न घेता. इकडे आवाज उठला आणि कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. आवाज उठवता आला, कारण नाव नोंदलेलं होतं. पण मानांकन काही टाके घालत नाही. शंभरावी वस्तू पहिलीइतकीच नीट झाली पाहिजे, आणि बिघडलेली वस्तू "चालतंय की" म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची नाही. नाव त्यानेच टिकतं.

५) शाळेत काय करता येईल?

कार्यानुभवाच्या तासाला एखाद्या कारागीर पालकांना बोलवा. मुलांना तीन प्रश्न विचारू द्या: सामान किती रुपयांचं? वेळ किती लागतो? कितीला विकता? मग फळ्यावर तासाचा दर काढा. दर कमी निघाला तर पालकांना कमीपणा वाटू नये, म्हणून आधी त्यांच्याशी बोलून घ्या.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजाजींनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेल्या वेळात घरचा व्यवसाय अशी योजना आणली होती. जातीचा धंदा मुलांच्या गळ्यात बांधला जाईल म्हणून तिला प्रचंड विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. तेव्हा कुंभाराच्या मुलाला "तू चाक शिक" म्हणायचं नाही. माती सगळ्या वर्गाच्या हातात द्यायची आणि हिशोबही सगळ्यांना शिकवायचा. ज्याला पुढे कारागीर व्हायचं असेल तो आवडीने होईल. ज्याला व्हायचं नसेल तो निदान भाव करताना समोरच्याचे तास मोजेल.

पालकहो, आज संध्याकाळी एक करा. घरात जी वस्तू तयार होते, तिचे तास मुलाकडून वहीत लिहून घ्या. भागाकार त्यालाच करू द्या. आलेलं उत्तर बघून भाव ठरवा.