अर्धी भाकर चालेल, डाळ अर्धी नको

दिवाळी सरली की आमच्याकडची, पाटोदा, शिरूर कासार, धारूर भागातली गावं रिकामी होतात. कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्याला जातात, मागं राहतात म्हातारी माणसं. आरोग्य सेविका म्हणून अशा कितीतरी घरांत मी फिरले. “आजी, जेवलात का?” विचारलं की उत्तर ठरलेलं: “आता वय झालं बाई. अर्धी भाकर अन् कपभर चहा, बास.”

आजीचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘सायन्स’मध्ये २९ देशांतल्या सुमारे ६,४०० जणांचा अभ्यास छापला. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतची माणसं होती. जड हायड्रोजन-ऑक्सिजनचं पाणी पाजून, मग लघवी तपासून, शरीर दिवसाला किती ऊर्जा खर्च करतं हे मोजलं होतं. अंगकाठीचा फरक वजा केला, तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ सारखाच राहतो. साठीनंतर तो वर्षाला ०.७ टक्क्यांच्या आसपास उतरतो. नव्वदीत तो ऐन उमेदीपेक्षा २६ टक्क्यांनी कमी भरतो.

तेव्हा चाळिशीत पोट सुटलं तर वयाला बोल लावू नये. डोक्यावर मोळ्या वाहणारा माणूस कोयता ठेवून घरी बसतो, भाकरी मात्र तेवढ्याच खातो.

म्हातारपणी स्नायू झिजतात, पेशींचं कामही मंदावतं, म्हणून ऊर्जा कमी लागते. प्रथिनं मात्र कमी लागत नाहीत! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद प्रौढांना वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगते. उतारवयात १ ग्रॅम किंवा थोडी जास्तच हवीत, असं अनेक तज्ज्ञांचं मत आहे. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) ५० किलोच्या आजीला ४० ते ५० ग्रॅम हवीत, अर्ध्या भाकरीत तीन-चार ग्रॅमच मिळतात. स्नायू आणखी खंगतात, आजी बाजेवरून उठताना तोल जाऊन पडते, खुब्याचं हाड मोडतं. पोरं तिकडं उसाच्या फडात.

दात नसले तरी मार्ग आहे. पिठल्यात कुस्करलेली भाकर, हुलग्याचं माडगं, मऊ शिजवलेली मटकी, शेंगदाण्याचा कूट, चालत असेल तर अंडं. जोडीला रोज थोडं चालणं, आधार न घेता बाजेवरून चार-पाचदा उठणं-बसणं. वापर नसेल तर नुसत्या खाण्यानं स्नायू टिकत नाहीत.

गाडी निघण्याआधी पोरं घरात ज्वारी, साखर, चहापत्ती भरून जातात. मी त्यांना डाळीचा हिशेब घालते: दोन म्हातारी माणसं, माणशी रोज ५० ग्रॅम, पाच महिने. पंधरा किलो होते. तेवढी भरून मगच निघा.