डिझेल मोटारीतील ठोका आणि त्याचे निदान

डिझेलवर चालणारी मोटार मुळातच थोडी बोलकी असते. पेट्रोलची गाडी जागेवर उभी राहून चालू असली, तर शेजारून जाणाऱ्यास पुष्कळदा तिचा पत्ताही लागत नाही. डिझेलची गाडी मात्र कडकड आवाज करीत आपले अस्तित्व जाहीर करते. यामुळे तिच्या मालकाची एक अडचण होते. नेहमीचा आवाज कोणता आणि रोगाचा आवाज कोणता, हे त्यास लवकर उमगत नाही. मग एके दिवशी त्या आवाजात निराळीच ठकठक मिसळते, बेळगावहून गोव्याकडे जाताना चोर्ला घाटात गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, आणि मालक धास्तावून गॅरेज गाठतो. तेथे एक मिस्त्री म्हणतो, ‘इंजिन गेले’. दुसरा म्हणतो, ‘नोझल बदला’. तिसरा म्हणतो, ‘डिझेलच खराब आहे’. यांपैकी खरे काय, हे ठरविण्याची एक पद्धत आहे, आणि ती सामान्य माणसास समजण्याजोगी आहे.

ती समजून घेण्याचे कारणही तसेच आहे. पुण्यात तयार झालेली टाटांची इंडिका 1998 साली लोकांपुढे आली आणि लहान डिझेल मोटार मध्यमवर्गाच्या व टॅक्सीचालकांच्या आवाक्यात आली. पुढे 2003 मध्ये फियाट कंपनीने युरोपात आणलेले 1248 घनसेंटिमीटरचे मल्टिजेट इंजिन भारतात आले आणि 2007 पासून स्विफ्टसारख्या अनेक गाड्यांत बसविले गेले. 2020 च्या एप्रिलमध्ये धुराविषयीचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून लहान डिझेल मोटारी नव्याने फारच थोड्या बनतात. परंतु जुन्या गाड्या रस्त्यावर पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोहोचल्या आहेत. अशा एका गाडीवर ज्याचा संसार चालतो, त्याचे चुकीच्या निदानापायी उघडलेल्या इंजिनाने कंबरडेच मोडते. फिल्टरचा खर्च शेकड्यांत, इंजेक्टरचा हजारांत आणि इंजिनाच्या पुनर्बांधणीचा दहा हजारांच्या पटीत जातो. निदानाचा प्रश्न हा म्हणून केवळ यंत्रविद्येचा नव्हे, प्रपंचाचाही आहे.

प्रथम हे इंजिन ठोका का देते, ते पाहिले पाहिजे. रुडॉल्फ डिझेल याने 1897 साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखविले, तेव्हा त्यातील मुख्य कल्पना ही होती की, इंधन पेटविण्यास ठिणगीची गरज ठेवावयाची नाही. लहान मोटारीच्या डिझेल इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरमधील हवा दाबून तिचे आकारमान सुमारे अठराव्या हिश्शावर आणतो. एवढी दाबलेली हवा 500 अंश सेल्सिअसच्याही वर तापते. तिच्यात इंजेक्टर डिझेलचा अतिसूक्ष्म तुषार सोडतो व तो आपोआप पेट घेतो. मात्र तुषार सुटणे आणि पेट घेणे यांत किंचित अवधी जातो. हा अवधी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. तेवढ्यात जमलेले इंधन पुढे एकदमच भडकते, दाब झटक्याने वाढतो आणि सिलिंडरची भिंत घणाचा घाव बसल्यासारखी वाजते. हाच डिझेलचा स्वाभाविक ठोका होय.

अवधी जितका थोडा, तितका ठोका सौम्य. सकाळी इंजिन थंड असते, इंधन पेटण्यास विलंब लागतो, म्हणून आवाज मोठा असतो. इंजिन तापले की तो उतरतो. इंधन चटकन पेटण्याचा गुण सीटेन अंकाने मोजतात, आणि भारतीय मानकाप्रमाणे मोटारीच्या डिझेलचा हा अंक किमान 51 असावा लागतो. त्यात रॉकेल मिसळले असेल किंवा पंपावर चुकून पेट्रोल भरले गेले असेल, तर अंक घसरतो, ठोका वाढतो आणि गाडीचा जोरही जातो. शिवाय डिझेलच्या अंगी असलेला वंगणाचा गुण कमी झाल्याने पंप व इंजेक्टर झिजतात. टाकी भरल्याबरोबर तक्रार सुरू झाली असेल, तर दुसरे काहीही तपासण्यापूर्वी गाडी बंद करून टाकीतील इंधन तपासावे. पेट्रोल भरल्याचे पंपावरच ध्यानात आले, तर इंजिन चालूच करू नये.

आतापर्यंत सांगितला तो आगीचा ठोका. दुसरा ठोका धातूचा असतो. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा एक पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्यामुळेच धातू धातूवर आदळत नाही. बेअरिंग झिजले किंवा ऑइलचा दाब पडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड प्रत्येक फेऱ्यास आपटू लागतो. हा आवाज खोल व जड असतो. तो इंजिनाच्या तळाकडून येतो आणि गाडीवर भार पडला की वाढतो. त्याची एक खूण विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. आगीचा ठोका इंजिन तापल्यावर सामान्यतः कमी होतो, तर बेअरिंगचा ठोका तापल्यावर वाढतो. कारण उष्णतेने ऑइल पातळ होते आणि संरक्षक पडदा आणखी विरळ होतो. झिजलेला दट्ट्याही थंडीत वाजतो व तापल्यावर गप्प होतो, तेव्हा एवढ्या एकाच खुणेवर निकाल देणे मात्र योग्य नव्हे.

यावरून पहिली परीक्षा कोणती, हे सहज कळेल. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी, ऑइल मोजण्याची पट्टी काढून पाहावयाची. या परीक्षेस एक पैसाही लागत नाही. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर ठोक्याचे कारण तेथेच असू शकते. पातळी वरच्या खुणेच्या वर चढलेली असून ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर इंधन गळून ऑइलमध्ये मिसळत आहे असे समजावे. ठोका ऐकू येत असतानाच ऑइलच्या झारीच्या आकाराचा तांबडा दिवा लागला, तर गाडी तेथल्या तेथे बंद करावी. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ हा विचार अशा वेळी फार महाग पडतो. कारण बेअरिंग बदलून भागले असते, तेथे काही किलोमीटरांत क्रँकशाफ्टच निकामी होतो. मल्टिजेटसारख्या इंजिनात टायमिंग चेनही याच ऑइलवर चालते आणि तिचा ताण ऑइलच्या दाबाने राखला जातो. ऑइल बदलण्यात हयगय झालेल्या गाडीत सुरू करतेवेळी पुढच्या बाजूने खळखळ ऐकू आली, तर चेनचा संशय घ्यावा. ती दाता सोडून सरकली, तर व्हॉल्व्ह व दट्ट्या यांची टक्कर होण्याचा संभव असतो.

कित्येकदा ठोका इंजिनाच्या आतला नसतोच. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसविलेले असते, ते फाटले तर गाडी चालू-बंद करताना व गिअर टाकताना धाडधाड होते. क्लचचे पेडल दाबल्याबरोबर आवाज बदलला, तर फ्लायव्हील व क्लच यांकडे पाहावे. इंजिन उघडण्यापूर्वी या दोन गोष्टी निकालात काढणे अगत्याचे आहे.

आता जोर कमी होण्याची मीमांसा. इंजिनास जोर येण्यास तीन गोष्टी लागतात : पुरेशी हवा, पुरेसे इंधन आणि हवेचे पुरेसे दाबले जाणे. हवेकडील दोषांत साधा तुंबलेला एअर फिल्टर येतो, तसाच टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणारा फाटलेला रबरी पाइपही येतो. पाइप फाटला की ॲक्सिलरेटर दाबताच फुसफुस ऐकू येते, चढावर गाडी मरगळते आणि मागून बहुधा काळा धूर निघतो. फाटल्या जागी ऑइलचा ओशटपणाही दिसतो. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला, तरी ताज्या हवेची जागा धूर घेतो आणि गाडी खालच्या वेगात उचलत नाही. इंधनाकडे पाहता डिझेल फिल्टर हा पहिला संशयित होय. सपाटीवर गाडी ठीक चालते, पण घाटात भार पडून अधिक इंधन लागले की दम टाकते, ही तुंबलेल्या फिल्टरची ठळक खूण आहे. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी, विशेषतः पावसाळ्यात, काढून टाकावे लागते.

येथे एक विचार मनाशी पक्का करावा. ठोका आणि अशक्तपणा या दोन तक्रारी एकाच गाडीत असल्या, म्हणून त्या एकाच रोगाच्या असतील असे नाही. माउंटिंग सहा महिन्यांपूर्वी फाटलेले असावे आणि टर्बोचा पाइप काल फाटलेला असावा, असेही घडते. म्हणून दोन्ही लक्षणे एकदम सुरू झाली की मागेपुढे, हा प्रश्न मालकाने स्वतःस विचारावा आणि त्याचे उत्तर मिस्त्रीस सांगावे. दोन्ही एकाच दिवशी सुरू झाली असतील, इंजिन जागेवर थरथरत असेल आणि धूरही वाढला असेल, तर एखादा इंजेक्टर बिघडल्याचा संशय बळावतो. बिघडलेला इंजेक्टर तुषाराऐवजी थेंब सोडतो. ते वेळेवर व पूर्णपणे जळत नाहीत. अशा स्थितीत गाडी तशीच हाकीत राहिल्यास दट्ट्याचा माथा जळून त्यास भोक पडू शकते, आणि हजारांचा खर्च पुढे दसपट होतो.

दोष कोणत्या सिलिंडरात आहे, हे शोधण्याची जुनी युक्ती अनेक मिस्त्रींना ठाऊक आहे. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचे नट किंचित सैल करावयाचे. ज्याचे नट सैल केल्यावर ठोका थांबेल, तो सिलिंडर दोषी. इंडिकासारख्या जुन्या पद्धतीच्या इंजिनांत ही युक्ती चालत असे. 1997 पासून मोटारींत आलेल्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांवर मात्र ती कदापि करू नये. त्या नळीतील दाब 1600 बारपर्यंत जातो. चाकातील हवेचा दाब सुमारे 2 बार असतो, त्याच्या हा आठशे पट झाला. सैल नटातून निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून हातात शिरते. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसते, परंतु आत विषारी इंधन पसरते आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. अशी धार लागल्यास दुखत नाही म्हणून थांबू नये, तत्काळ रुग्णालयात जावे.

नव्या गाडीत हेच काम तपासणीयंत्र निर्धोकपणे करते. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या जोडणीला ते लावले, म्हणजे गाडीच्या संगणकाने टिपलेले संकेत वाचता येतात. ‘पी 0299’ हा संकेत टर्बोचा दाब कमी असल्याचे सांगतो, तर ‘पी 0087’ हा इंधनाचा दाब कमी असल्याचे. असा दोष आढळल्यास पुष्कळ गाड्यांचा संगणक स्वतःच इंजिनाचा जोर आखडतो. गाडी बंद करून पुन्हा चालू करताच जोर थोडा वेळ परतला, तर प्रकार बहुधा हाच असतो. संकेताने दिशा कळते, दोषी भाग कळत नाही. दाब कमी असण्याचे कारण पंप असेल, फिल्टर असेल किंवा गळका इंजेक्टरही असेल. त्यासाठी चारी इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्यांना चार पारदर्शक बाटल्या लावून ठराविक वेळात कोणत्या बाटलीत किती डिझेल परतले, ते पाहतात. एक बाटली इतरांहून लवकर भरली, तर झिजलेला इंजेक्टर तोच. शेवटी सिलिंडरांतील दाब मोजतात. चांगल्या इंजिनात तो साधारणतः 25 ते 30 बारच्या आसपास असतो, आणि चारींत फारसा फरक नसतो. एकात तो फार कमी आढळला, तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट यांचा दोष समजावा. बेअरिंगचा संशय असल्यास ऑइलचा दाब मोजावा आणि ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे चकाकणारे कण आहेत की काय, ते पाहावे.

सारांश, परीक्षेचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा : आधी ऑइल, मग इंधन व दोन्ही फिल्टर, नंतर पाइप व माउंटिंग, पुढे संकेत व इंजेक्टर, आणि सर्वांत शेवटी सिलिंडरचा दाब. तांबडा दिवा किंवा तळाचा जड ठोका हा या क्रमास एकमेव अपवाद होय. तेथे गाडी आधी थांबवावयाची आणि ऑइलचा दाब मोजल्यावाचून पुन्हा चालू करावयाची नाही. मालकाने मिस्त्रीस यंत्रविद्या शिकविण्याची आवश्यकता नाही. आवाज थंड असताना येतो की तापल्यावर, भार पडल्यावर की जागेवर, धूर कोणत्या रंगाचा आणि तक्रार कोणत्या दिवसापासून, एवढे त्याने नीट सांगावे. आणि ‘इंजिन उघडावे लागेल’ असे उत्तर मिळाले, तर शांतपणे विचारावे की, ‘कोणता दाब मोजला आणि तो किती भरला?’ या प्रश्नास आकड्यात उत्तर मिळेपर्यंत इंजिनाचा एकही बोल्ट सैल होऊ देऊ नये.