अर्धांगवायू आणि विसरलेला हात

उजवे अंग लुळे पडले म्हणजे दोष बहुधा मेंदूच्या डाव्या गोलार्धात असतो; कारण बहुसंख्य चालक तंतू लंबमज्जेत बाजू बदलतात. मिस्तिकेल्ली याने हे व्यत्यसन १७०९ मध्येच वर्णिले होते.

झटक्यानंतरची अवस्था अधिक उद्बोधक आहे. एडवर्ड टॉब यांनी ज्या वानरांच्या एका हाताच्या संवेदनावाहक नसा छेदिल्या, त्यांनी हालचालीची शक्ती शाबूत असूनही तो हात वापरणेच सोडून दिले. चांगला हात बांधताच मात्र तो कामाला लागला. रुग्णातही असाच ‘शिकलेला अनुपयोग’ आढळतो, आणि घास भरविणारे प्रेमळ आप्त त्यास नकळत हातभार लावतात! २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, झटक्यास ३ ते ९ महिने लोटलेल्या रुग्णांचा निरोगी हात मोज्यात अडकवून २ आठवडे कसून सराव घेण्यात आला. दुर्बळ हाताचा वापर वाढला. लाभ वर्षभर टिकला. मनगट व बोटे थोडी तरी उचलता येणे ही मात्र पूर्वअट होती. तेवढीही हालचाल नसल्यास प्रथम खांदा जपावा लागतो. लुळा हात धरून रुग्णास ओढून उठविणे हे त्या सैल सांध्यास इजा करणारे ठरते.