बटव्याचे नवे घर



या शाळेतील आमचे मराठीचे गुरुजी सांगत, "वस्तू कळावयाची असेल, तर आधी तिचे नाव सोडवून पाहा." मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. म्हणून जपानमधील एका नवलाईकडे मी गुरुजींच्याच वाटेने जातो.

जुलै २००४ मध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीने, दुकानात नुसते टेकवून पैसे चुकते करता येतील असे मोबाइल फोन तेथे बाजारात आणले. त्यांचे नाव 'ओसाइफु-केइताइ'. 'साइफु' म्हणजे बटवा. तो ज्या दोन चिन्हांनी लिहितात, त्यांचे अर्थ 'धन' आणि 'कापड'. 'केइताइ' म्हणजे जवळ बाळगण्याचे. बोलभाषेत मोबाइल फोन. आरंभीचा 'ओ' सौजन्यदर्शक. पैशालाही जपानी माणूस 'ओकाने' असे याच अदबीने म्हणतो.

फोनच्या पोटात सोनी कंपनीची 'फेलिका' ही चिप असे. दुकानातील यंत्र आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्याजवळ नेताच चिपेला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते आणि सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात व्यवहार पुरा होतो. आधी भरलेली रक्कम चिपेतच नोंदलेली असल्यामुळे दर वेळी बँकेला विचारण्याचे कारण पडत नाही. एवढी त्वरा हवी होती ती रेल्वेला. पूर्व जपान रेल्वेने २००१ मध्ये हीच चिप 'सुइका' कार्डात घातली, तेव्हा गर्दीच्या वेळी एका फाटकातून मिनिटाला साठ प्रवासी जावेत, अशी अपेक्षा होती. जानेवारी २००६ मध्ये सुइकाही फोनमध्ये आले.

यंत्र नवे, पण लोकांच्या हाती ते दिले गेले घरातल्या शब्दात. मला मोल वाटते ते याचे. पुढे 'स्मार्टफोन' आला, तेव्हा तो परका शब्दही जपान्यांनी कातरून 'सुमाहो' असा आपलासा केला.

आपण महाराष्ट्राबाहेर मराठी जपणारी माणसे. आपल्या आजीच्या कमरेला बटवा होता. आज आपली नातवंडे फोनमधल्या पैशाच्या जागेला 'वॉलेट' म्हणतात, आणि बटवा केवळ म्हणीपुरता, आजीच्या औषधांपुरता उरला आहे. यंत्रे बाहेरून येणारच. त्यांना दार उघडावे. मात्र घरात घेताना त्यांना आपल्या भाषेत हाक मारावी. ज्या शब्दांना नवे काम मिळत नाही, ते शब्द मुकाट्याने निघून जातात.