खूर, दात, खवले : तोरेची ओळखपद्धत आणि ताडोबाचं रान

उन्हाळ्यात ताडोबाच्या पाणवठ्यावर चितळ, सांबर, गवा, रोही, रानडुक्कर अशी सगळी मंडळी हजेरी लावतात. ज्यू धर्मशास्त्रानुसार यांतले कोणते प्राणी खाण्यायोग्य, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर लगेच देता येतं : रानडुक्कर सोडून सगळे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे हे उत्तर कागदावरच राहणार आणि ते तसंच राहायला हवं. पण ते देता येतं, हेच विशेष आहे. तोरा हा ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ पश्चिम आशियात घडला. चितळ किंवा रोही यांचं नावही त्यात नाही. तरी त्यांचा निकाल लागतो, कारण तोरेनं नावांच्या जोडीला खुणाही दिल्या आहेत.

या खुणा तोरेतल्या ‘लेवीय’च्या ११व्या आणि ‘अनुवाद’च्या १४व्या अध्यायात येतात. चतुष्पाद प्राण्याच्या दोन खुणा बघायच्या : खूर पूर्ण दुभंगलेला हवा आणि प्राणी रवंथ करणारा हवा. दोन्ही असतील तरच तो शुद्ध, म्हणजे कोशर. एकच खूण असलेले चार प्राणी ग्रंथ नावानिशी बाजूला काढतो. उंट, शाफान नावाचा खडकांत राहणारा लहान प्राणी आणि ससा रवंथ करतात पण त्यांचा खूर दुभंगलेला नाही, असं तो म्हणतो. डुकराचा खूर दुभंगलेला आहे, पण ते रवंथ करत नाही.

बाहेरचा खूर, आतलं पोट

चितळाचं पाऊल ओल्या मातीत उमटलं की दोन निमुळते, टोकदार ठसे शेजारी शेजारी दिसतात. हे दोन ठसे म्हणजे पायाचं तिसरं आणि चौथं बोट. बाकीची बोटं उत्क्रांतीत आखडत गेली आणि सगळा भार या दोघांवर आला. गवा, सांबर, भेकर, चौसिंगा, रोही आणि गडचिरोलीतल्या कोलामार्काच्या रानम्हशी या सगळ्यांच्या पायाची रचना हीच आहे. रानडुकराचीही हीच, म्हणून नुसत्या खुरावर भागत नाही.

दुसरी खूण पोटाची. गवतातलं सेल्युलोज पचवणारं विकर सस्तन प्राण्यांचं शरीर स्वतः बनवत नाही. रवंथ करणारे प्राणी हे काम जिवाणूंकडून करून घेतात. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सगळ्यांत मोठा. चांगल्या वाढलेल्या गाईत तो शंभर लिटरच्या पुढे जातो. अर्धवट चावलेला चारा इथे जिवाणू आणि आदिजीवांच्या ताब्यात जातो आणि आंबतो. मग त्याचा गोळा अन्ननलिकेतून पुन्हा तोंडात येतो, बारीक चावला जातो आणि परत खाली जातो. शेवटचा, चौथा कप्पा आपल्या जठरासारखा आम्ल स्रवणारा असतो. तिथे चाऱ्याबरोबर आलेले जिवाणूही पचतात आणि जनावराला त्यांच्यातून प्रथिनं मिळतात. उघड्यावर भराभर चरायचं आणि आडोशाला बसून सावकाश चावायचं, हे वाघाच्या रानात सोयीचं ठरतं.

रानडुकराचं पोट साधं, एका कप्प्याचं. ते कंद, किडे, मेलेलं जनावर, शेतातलं धान असं काहीही खातं, पण नुसत्या गवतावर जगू शकत नाही. एकाच मातीत उमटणाऱ्या दोन दुभंगलेल्या खुरांमधला फरक तोरेनं असा पोटात नेऊन ठेवला आहे.

तोंड उघडून बघा

पण रानात सापडलेल्या अनोळखी जनावराच्या पोटातलं कसं कळायचं? इसवी सन ५०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मनियमांच्या चर्चाग्रंथाच्या ‘हुल्लीन’ या भागात याचा विचार आहे. खूर कापलेले असतील तर तोंड तपासा. वरच्या जबड्यात दात नसतील तर जनावर शुद्ध. फक्त उंटाचं पिल्लू ओळखता आलं पाहिजे. तोंड छिन्नविच्छिन्न असेल तर खूर तपासा. फक्त डुक्कर ओळखता आलं पाहिजे. दोन्ही नसेल तर शेपटीच्या बुडाशी असलेल्या मांसाचे तंतू एकमेकांना आडवे-उभे छेदतात का ते बघा. फक्त रानगाढव ओळखता आलं पाहिजे. कसोटी आणि तिचा अपवाद इथे जोडीनंच येतात.

दातांची कसोटी गोठ्यात कुणालाही करता येईल. शेळीचा वरचा ओठ हलकेच उचला. समोरचे दात खालीच दिसतील, वर फक्त कडक हिरडी. खालचे दात आणि ही हिरडी यांच्या चिमटीत गवत धरून ती तोडते. गवा, चितळ, सांबर, रोही या सगळ्यांत हेच. भेकराच्या नराला वरच्या जबड्यात सुळे असतात, पण समोरचे कातरणारे दात त्यालाही नसतात. शरीरशास्त्राच्या आजच्या पुस्तकातही रवंथ करणाऱ्यांचं हे ठळक लक्षण म्हणून दिलेलं असतं.

सशाचं कोडं

ससा मात्र अडचण करतो. त्याचं पोट एका कप्प्याचं आहे आणि पोटातलं अन्न तो परत तोंडात आणत नाही. जबडा सतत हलत असल्यानं बघणाऱ्याला तो चावतोय असं वाटतं, एवढंच. पण गोष्ट इथे संपत नाही. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर त्याची एक मोठी पिशवी असते. तिथे जिवाणू चारा आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ लेंड्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो आणि अन्न दुसऱ्यांदा पचवतो. शेताच्या बांधावर दिसतात त्या कोरड्या लेंड्या वेगळ्या.

ही माहिती हाती आल्यावर काहींनी लगेच निष्कर्ष काढला की तोरेला आधीच सगळं ठाऊक होतं. तो घाईचा आहे. दोनदा पचवणं ही ससा आणि रवंथ करणारे प्राणी या दोघांची समान गरज; तिची वाट मात्र वेगळी. ग्रंथाचं निरीक्षण बाहेरच्या दिसण्यावर बेतलेलं होतं असं मानलं, तर ओढाताण करावी लागत नाही.

वैनगंगेची जाळी, कोकणातली टोपली

पाण्यातल्या जिवांसाठीही दोनच खुणा आहेत : पर आणि खवले. वैनगंगेत किंवा मालगुजारी तलावात ढिवरांच्या जाळ्यात येणारे रोहू, कतला, मृगळ, मरळ या कसोटीला उतरतात. मागूर आणि शिवडा यांना पर आहेत, पण अंग गुळगुळीत, ते बाद. झिंगे आणि खेकडे तर दोन्हीकडून बाद. तालमूद ज्यावर बेतलेला आहे त्या मिश्ना या नियमसंग्रहात याचं सूत्र आहे : ज्याला खवले त्याला पर असतातच, पण पर असलेल्या प्रत्येकाला खवले नसतात. माशांपुरतं हे आजही खरं आहे.

पण खवला म्हणायचं कशाला? तेराव्या शतकातले स्पेनमधले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे बेन नाहमान यांनी ठरवलं, की कातडी न फाडता जो निघतो तोच खवला. रोहूचा खवला पातळ, गोल आणि कातडीतल्या खोबणीत बसलेला असतो. विळीची उलटी धार फिरवली की सुटतो. मुशीचं अंग खरखरीत लागतं ते कातडीत रुतलेल्या बारीक कणांमुळे. त्यांची घडण दातासारखी असते आणि ते असे निघत नाहीत. त्यामुळे मुशी बाद.

ही खूण मराठी मुलखात शेकडो वर्षं पाळली गेली. कोकणातले बेने इस्राएल हे मराठी ज्यू तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ उरले नव्हते. त्यांच्या परंपरेत सांगतात, की दाविद रहाबी नावाचा ज्यू गृहस्थ त्यांच्याकडे आला आणि त्यानं बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले. त्यांनी पर-खवले नसलेले मासे निवडून बाजूला सारले, तेव्हा हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली. पोथी हरवली तरी खूण हातात राहिली होती.

मधाचा अपवाद

अशुद्ध प्राण्यापासून निघालेलं तेही अशुद्ध, असा तालमूदचा नियम. मधमाशी अशुद्ध. मग गडचिरोलीच्या रानातल्या आग्या मोहोळाचा मध? तो चालतो. तालमूदच्या ‘बखोरोत’ या भागातला युक्तिवाद असा, की माशी मध शरीरात घेऊन येते, शरीरातून निर्माण करत नाही.

जीवशास्त्र याला अर्धी साथ देतं. फुलातला रस माशीच्या मधपिशवीत राहतो. ही पिशवी आणि पचनाचं पोट यांच्यामध्ये झडप असते. पण त्या रसात माशीच्या ग्रंथींतली विकरं मिसळतात, साखरेचं रूप बदलतं, मग पोळ्यात पाणी उडून मध दाट होतो. रॉयल जेली मात्र कामकरी माशीच्या डोक्यातल्या ग्रंथींतूनच स्रवते. तिच्याबद्दल आजच्या रब्बींमध्ये मतभेद आहेत.

दोन प्रश्न

तोरेच्या पद्धतीचा प्रश्न आहे : समोरचा जीव ओळखायचा कसा? जीवशास्त्राचा प्रश्न आहे : हा जीव असा कसा झाला, आणि कुणाचा नातलग? गवा-चितळांपाशी दोन्ही उत्तरं जुळतात, कारण खूर, दात आणि पोट यांची जडणघडण एका वंशात बरोबरीनं झाली. देवमाशापाशी ती फुटतात. डीएनएनुसार तो खूरवाल्यांच्याच कुळातला आणि पाणघोड्याचा जवळचा भाऊबंद. तोरेच्या मोजमापात तो पाण्यातला, खवले नसलेला, म्हणून बाद. जुळलं तिथे ग्रंथात विज्ञान शोधू नये आणि फुटलं तिथे ग्रंथाला खोटं पाडू नये. खूण बघून अनोळखी जनावर ओळखण्याचं तिचं काम ही पद्धत चोख करते. त्यापलीकडचा दाखला तिच्याकडे मागण्यात अर्थ नाही.