बाटलींतला मासा

मासे विकणाऱ्याच्या दुकानांत फळीवर ओळीनें मांडलेल्या लहान बाटल्या आपण पाहिल्याच असतील. प्रत्येकींत एकच मासा. निळा, तांबडा वा जांभळा, आणि शेपटी रेशमी पदरासारखी. दुकानदार त्यास ‘फायटर’ म्हणतो व वर सांगतो, “याला फार पाणी लागत नाहीं.” आज या एका वाक्याचाच विचार करावयाचा आहे, कारण तें अर्धेंच खरें आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायीं पुष्कळ मासे प्राणास मुकतात.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तिकडे त्यास ‘प्ला कात’, म्हणजे ‘चावणारा मासा’ म्हणतात; दोन नर एकत्र आले कीं झुंजलेच. १९१० सालीं रीगन या प्राणिशास्त्रज्ञानें त्यास ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हें शास्त्रीय नांव दिलें; २०१९ सालीं थायलंडनें त्यास राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भाताचीं खाचरें व दलदली हें त्याचें घर. तेथील उथळ, संथ व कोमट पाण्यांत प्राणवायु थोडा. म्हणून निसर्गानें त्याच्या कल्ल्यांच्या वर एक घडीदार इंद्रिय ठेविलें आहे. पृष्ठभागीं येऊन तो हवेचा घोट घेतो. येथवर दुकानदाराचें म्हणणें खरें.

परंतु श्वासाची सोय झाली म्हणून विषाचा परिहार होत नाहीं. माशाची विष्ठा व उरलेलें अन्न यांपासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. खाचराच्या विस्तारांत तो विरून जातो. बाटलींत सांचतो आणि कल्ले जाळतो.

यावर उपाय म्हणजे पंधरा-वीस लिटरांची, वनस्पतींनीं दाट भरलेली कांचेची पेटी. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न यांसारख्या वनस्पति अमोनिया शोषून घेतात. पानांवर व वाळूंत वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग पुष्कळच कमी अपायकारक असें नायट्रेट करितात. या जंतूंचा जम बसण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून आधीं वनस्पति, मागाहून मासा, हा क्रम मोडूं नये. रात्रीं वनस्पतीहि प्राणवायु घेतात, त्यामुळें दाट झाडींत इतर मासे कासावीस होऊं शकतात. आपला मासा मात्र वरची हवा घेतो; यासाठीं थोडा पृष्ठभाग मोकळा ठेवावा. तो उडी मारतो, म्हणून सच्छिद्र झांकणहि हवें.

पाणी २४ ते २८ अंश सेल्सिअस असावें. पुण्या-नाशकाच्या हिंवाळ्यांत विजेचा लहान तापक लावावा. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें. नळाचें पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठीं एक दिवस उघडें ठेवून मगच घालावें. अन्न बेतानेंच द्यावें.

मग एखाद्या सकाळीं तरंगत्या पानाखालीं नरानें बांधलेलें फेसाचें घरटें दिसेल. तेव्हां मुलांना तें अवश्य दाखवा. आणि बाटलींतल्या माशाला असें पान कधीं मिळत नाहीं, हेंहि सांगा.