पंधरा तारखेची रांग

धुळ्याच्या शाखेत मी होतो तेव्हा, १९९१ च्या सुमारास, पंधरा मार्च म्हणजे आमच्या काउंटरवर जत्राच. अडते, डॉक्टर, वकील, कापडवाले, सारे आगाऊ कराची चलनं घेऊन रांगेत. शिक्के मारून मारून मनगट भरून यायचं. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं चलन पुढे सरकवत विचारलं होतं, ‘‘साहेब, वरीस सरनं नही, कमाई पुरी व्हयनी नही, नि कर कशाना?’’

प्रश्न रास्त होता. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, ही पद्धत आपल्याकडे आली. लढाई संपली, हप्ते राहिले. तेव्हा व्यक्तींना तीन हप्ते असत. २०१६ पासून चार झाले: पंधरा जूनपर्यंत १५ टक्के, सप्टेंबरपर्यंत ४५, डिसेंबरपर्यंत ७५ आणि पंधरा मार्चला पूर्ण.

पुढे जळगावला बदली झाली. रावेर-यावलच्या बागाईतदाराला केळीच्या उत्पन्नावर आयकर नाही. तीच केळी ट्रकमध्ये भरून दिल्लीकडे पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र आहे. त्यानं जूनमध्ये वर्षाचा अंदाज बांधायचा कसा? मी सांगत असे, अंदाज म्हणजे शपथ नव्हे. दर हप्त्याला आकडा नव्यानं मांडा. भाव चढला तर पुढच्या हप्त्यात भर घाला, वादळानं बागा आडव्या झाल्या आणि धंदा बसला तर हप्ता कमी करा. माझा सल्ला चोख असे. निदान दुसऱ्यांसाठी.

मे २०२२ मध्ये माझ्या एका कादंबरीच्या हक्कांचे बरे पैसे आले. एवढे एकरकमी पैसे लेखणीनं मला कधी दिले नव्हते. टीडीएस कापून आला होता, पेन्शनवरचा बँक कापतेच. शिवाय साठीनंतर आगाऊ कर नाही, हे २०१२ पासूनचं कलम मला तोंडपाठ. मी निवांत.

जुलै २०२३ मध्ये विवरणपत्र भरताना सी.ए. मुलगा हसला. माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून मुलगा म्हणतो. ‘‘काका, ती सवलत धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांना. तुम्ही लेखक. लिहिणं हा तुमचा व्यवसाय.’’ पुरस्कार समित्यांना जे कधी पटलं नाही, ते आयकर खात्यानं विनातक्रार मान्य केलं होतं! टीडीएस वजा जाता ६०,००० रुपये कर निघत होता. हप्ते चुकल्याचं व्याज ३,०३०, एप्रिल ते जुलै चार महिन्यांचं २,४००. एकूण ५,४३०.

रकमेचं दुःख नव्हतं. पस्तीस वर्षं ज्या काउंटरवर लोकांना शहाणपण वाटलं, त्याच्या पलीकडच्या बाजूला मी उभा होतो. घरी सांगितलं तर सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘कलम पूर्ण वाचा, असं तुम्हीच सांगायचात ना गिऱ्हाइकांना?’’ आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत माझ्यासाठी एक पान काढलं.

पुढच्या पंधरा जूनला सकाळी त्या पानावर बसलो. मानधन, रॉयल्टी, ठेवींचं व्याज; टीडीएस वजा करून कर आला साधारण आठ हजार. दहा हजारांच्या आत असेल तर आगाऊ भरायची गरज नाही. मी पेन ठेवलं. ‘‘आणि दिवाळी अंकांचं?’’ त्यांनी विचारलं. ते मी धरलंच नव्हतं. मग कालनिर्णयावर पंधरा सप्टेंबरला त्यांनी लाल पेनानं गोल केला.